मधली सुट्टी

थळहून अलिबागच्या कॉलेजात नव्याने जाऊ लागलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात अभ्यासाची फारशी धास्ती नसते. धास्ती असते ती मधल्या सुट्टीची. डबा कुठे बसून खायचा, कोणाबरोबर खायचा आणि झाकण काढल्यावर सुकटीचा वास सुटला तर शेजारच्या मुली काय म्हणतील, याची. थळ ते अलिबाग अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर. पण कोळीवाड्यातल्या किंवा आगरी घरातल्या किती मुलांना एसटीतून उतरताना आपली बोली बदलावी लागते! घरी एक बोलणं, वर्गात दुसरं. दिवसभर शब्द तोलूनमापून बोलणारं मूल संध्याकाळी दमून घरी येतं आणि आईला वाटतं, अभ्यास जड जात असेल.

याच अलिबागला दीडशे वर्षांपूर्वी पोस्ट खात्यातल्या एका माणसाची बदली झाली होती. गोपाळराव जोशी. त्यांची लहानगी बायको त्यांच्याजवळ इथे शिकत होती. कल्याणची यमुना, लग्नानंतरची आनंदी. पुढे चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं, म्हणून तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. मात्र ती शिकली ते कॉलेज कसं होतं, तिथे तिचे दिवस कसे गेले, हे आपण फारसं विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटतं.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं ते कॉलेज १८५० साली खास स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी निघालं होतं. १८८३ च्या शरद ऋतूत आनंदीबाई तिथे दाखल झाल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. नवरा हिंदुस्थानातच राहिलेला. भाषा परकी, थंडी हाडात शिरणारी, आणि शाकाहारी ब्राह्मण घरातल्या मुलीला त्या शहरात जेवायला मिळणार काय! हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्या निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत सांगून आल्या होत्या. म्हणजे आपलं काही सोडायचं नाही हे ठरलेलं, आणि तरीही तिथल्या माणसांत राहायचं होतं.

त्यांना तिथे माणसं भेटली. कॉलेजच्या डीन रॅचेल बॉडली यांनी नुसता प्रवेश दिला नाही, शिष्यवृत्तीही दिली. न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तर ओळखदेख नसताना, एका मासिकात छापलेली पत्रं वाचून या मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला होता. अमेरिकेत उतरल्यावर आनंदीबाई आधी त्यांच्याच घरी राहिल्या आणि त्यांना मावशी म्हणू लागल्या. थंडीमुळे आनंदीबाईंनी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. साडीच, पण नेसण नवी. त्यांनी गरजेपुरता बदल केला, आणि तो त्यांचा त्यांनी ठरवून केला.

१० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. डीनबाईंच्या स्वागत समारंभाचा. त्यात तिघी विद्यार्थिनी आहेत: साडीतल्या आनंदीबाई, जपानहून आलेल्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या वेशात. तिघींना एकमेकींची मातृभाषा येत नसणार. ओकामी पुढे १८८९ साली पदवीधर झाल्या, इस्लामबुली १८९० साली. कॉलेज छोटं होतं, म्हणून या तिघी एका चौकटीत आल्या. मोठ्या विद्यापीठात त्या कदाचित तीन वेगवेगळ्या इमारतींत हरवल्या असत्या.

छोट्या कॉलेजची बाजू घेताना त्याचा जाचही सांगायला हवा. वर्गात चाळीस मुलं असली आणि त्यांतल्या दहांचा घोळका तुम्हाला टाळू लागला, तर लपायला जागा उरत नाही. मुंबईत निदान गर्दीत मिसळता येतं. छोट्या जागी कोणाच्या वडिलांची बोट कर्जात आहे, कोणाची आई बाजारात बसते, हे आठवडाभरात सगळ्यांना कळलेलं असतं. पण याच माहितीला दुसरा उपयोग आहे. ज्या प्राध्यापकाला मुलांची नावं, गावं, घरं माहीत आहेत, त्याला आज कोण आलं नाही हे हजेरी न घेता कळतं. हे सुख मोठ्या कॉलेजला कितीही पैसा ओतून विकत घेता येत नाही.

आणि म्हणून मला वाटतं, रुळण्याचा सगळा भार आपण नव्या मुलावर टाकतो ते चूक आहे. बोलका हो, मिसळ, मित्र कर, असं त्यालाच सांगतो. बाकावर आधीपासून बसलेल्यांना मात्र कोणी काही सांगत नाही. त्यांनी वीतभर सरकायचं असतं. आनंदीबाईंच्या धैर्याचे पोवाडे आपण गातो ते योग्यच, पण बॉडलीबाई आणि कार्पेंटर मावशी सरकल्या नसत्या तर ते धैर्य पहिल्या हिवाळ्यातच एकाकी पडलं असतं. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली, पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. क्षयाने पोखरलेलं शरीर मात्र कोणाच्या मायेने वाचलं नाही. पुढच्याच फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, त्या पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि मावशींनी त्या आपल्याच कुटुंबाच्या दफनभूमीत, आपल्या माणसांशेजारी ठेवल्या.

आपल्याकडे हे सरकून जागा देण्याचं काम जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत संपत नाही. नारळी पौर्णिमा झाली की थळच्या बोटी पुन्हा समुद्रावर जातात, मासळी निवडायला, सुकवायला, बाजारात न्यायला घरी हात लागतात आणि कोळीवाड्यातली काही मुलं वर्गातून हळूहळू दिसेनाशी होतात. कोणी ओरडत नाही, भांडत नाही, नाव काढून घेत नाही. नुसती यायची थांबतात. त्या आठवड्यांत वर्गातल्या एखाद्या मुलीने संध्याकाळच्या एसटीने थळला उतरावं, घर शोधावं आणि राहिलेल्या तासांच्या वह्या देऊन यावं. चहाला बसवलं तर बसावं, आणि ताटात सुकट आली तर पोटभर खावी.