पाण्याला न टेकणारा समुद्रपक्षी

मृग लागला आणि नैर्ऋत्येचा वारा पिसाळला, की कोकणच्या किनाऱ्यावर कधीमधी एक काळा, लांब पंखांचा पक्षी दिसतो. वादळाने भर समुद्रातून लोटत आणलेला. घारच असेल, म्हणून पाहणारा नजर काढून घेतो. ती दोन क्षण अधिक ठेवावी. घारीच्या शेपटीला जेमतेम खाच असते. याची शेपटी कात्रीसारखी खोल दुभंगलेली, मिटली की नुसती टोकदार काडी. पंख कोपरात मोडल्यासारखे, आणि ते हलतही नाहीत म्हणा ना. हा फ्रिगेट पक्षी.

पुढची ओळख पोटाशी. नर संपूर्ण काळा असला तर मोठा फ्रिगेट, काखांत पांढरे पट्टे असले तर छोटा, पोटावर पांढरा डाग असला तर ख्रिसमस बेटाचा, जो जगात त्या एकाच बेटावर वीण करतो. माद्या आणि पिल्ले भल्याभल्या जाणकारांनाही चकवतात.

पण एखाद्याला ओळखणे वेगळे आणि त्याची ओळख असणे वेगळे. मोठ्या फ्रिगेटचे वजन सव्वा किलोच्या आसपास, पंखांचा पसारा मात्र दोन मीटरहून अधिक. एवढ्याशा ओझ्याला एवढे मोठे शीड! कारण याची पिसे पाणी अडवत नाहीत. ती भिजतात, आणि भिजलेला फ्रिगेट सहसा पुन्हा उडू शकत नाही. समुद्रावर जगायचे आणि समुद्राला टेकायचे नाही, या एका अटीतून त्याचे सगळे शरीर घडले आहे. 2016 साली मोझांबिक खाडीतल्या युरोपा बेटावरच्या पक्ष्यांचा माग प्रसिद्ध झाला: ढगांतल्या वर चढणाऱ्या हवेवर स्वार होत तरुण पक्षी दोन-दोन महिने जमिनीला न टेकता तरंगत होते. त्याच वर्षी गॅलापागोसच्या फ्रिगेटांची उडतानाची झोपही मोजली गेली. दिवसाला सरासरी 42 मिनिटे, तीही बरेचदा अर्ध्या मेंदूने.

त्याला समुद्री चाचा म्हणतात, ते मला पटत नाही. इतर पक्ष्यांच्या तोंडचा घास तो हिसकावतो खरा, पण त्याचे पोट मुख्यतः स्वतः टिपलेल्या उडत्या माशांवर भरते.

पिसे भिजली की त्याचे उडणे संपते, म्हणून पावसाळ्यात असा दमलेला पक्षी वाळूवर सापडला, तर समुद्राचाच आहे म्हणून त्याला लाटांत सोडू नका. कोरडे खोके, अंधार, शांतता, आणि लगेच वनखात्याला फोन.