नदीच्या खालच्या अंगाचा माणूस



संडासात आपण बादलीभर पाणी ओततो आणि घाण गेली असे समजतो. पण गेली म्हणजे कोठे गेली? डोळ्याआड झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते. ती कोणाच्या तरी दारी पोचलेली असते.

पुण्याचे उदाहरण घ्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, काही शुद्ध होऊन तर काही तसेच, पवना, मुळा आणि मुठा या नद्यांत उतरते. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. भीमेचे पाणी उजनी धरणात साठते. त्यातून सोलापूर शहराला पाणीपुरवठा होतो, आणि धरणाखाली त्याच भीमेत पंढरपूरचे वारकरी स्नान करतात.

काही लोक म्हणतात, वाहते पाणी आपोआप शुद्ध होते. हे अर्धसत्य आहे. पाण्यातील सूक्ष्म जीव घाण खातात खरे. परंतु ती खाताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. घाण थोडी असेल तर नदी ती पचवते. प्रमाणाबाहेर गेली की प्राणवायू संपतो, मासे मरतात, पाणी सडते. घाण पचवण्यास किती प्राणवायू लागेल, यावरून तिचे माप घेतात. स्नानाच्या पाण्यात हे माप लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा आपल्या देशाचा दंडक आहे. कच्च्या सांडपाण्यात ते २०० च्या आसपास असते.

शुद्धीकरण केंद्र तरी काय करते? जाळीने कचरा अडवते, वाळू खाली बसवते, आणि पाण्यात जोराने हवा सोडून त्याच सूक्ष्म जीवांकडून घाण पचवून घेते. हवा सोडणारी यंत्रे बंद पडली की ती नुसती इमारत उरते. येथे मंत्र चालत नाही, कार्यकारणभाव चालतो. नदीला पवित्र म्हटल्याने ती स्वच्छ होत नाही.

पातिमोक्खातील सेखिय नियमांपैकी शेवटचा नियम असा आहे की, आजारी नसलेल्या भिक्खूने पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकूही नये. हा नियम एकेका भिक्खूसाठी होता. मग लाखोंच्या नगराला तो किती पटीने लागू व्हावा?

आपल्या वाडवडिलांचा पाणवठा गावोगाव नदीच्या खालच्या अंगाला असे. वरच्यांनी वापरलेले पाणी खालच्यांनी प्यायचे, ही रीत होती. पाण्यावर माणसामाणसांचा समान हक्क आहे, हे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी कृतीने सांगितले. आज आपल्यातील पुष्कळजण शहरात राहतात. नदीच्या हिशेबाने आता आपणच वरच्या अंगाला आहोत. खाली असताना जो अन्याय आपणांस सलत होता, तोच वर आल्यावर आपण करू लागलो, तर महाडचा अर्थ आपणांस समजला असे कसे म्हणावे?

आणखी एक माणूस खालच्या अंगाला आहे. तो म्हणजे गटारात उतरणारा सफाई कामगार. त्याला संरक्षक साधनांशिवाय उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याचा जीव घेऊन नदी स्वच्छ ठेवली, तर ती स्वच्छता कसली?

म्हणून आपल्या नगरपालिकेला तीन प्रश्न विचारा: रोज सांडपाणी किती निघते? त्यातले शुद्ध किती होते? उरलेले कोठे जाते? जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ पासून आहे. पण विचारणारा नसेल, तर कायदा कागदावरच राहतो. ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही, त्याच्या तांब्यातले पाणी स्वच्छ राहावे म्हणून झटणे, हीच मैत्रीची खरी कसोटी आहे.