शिक्का

एका जिल्हा रुग्णालयात एक सिस्टर होत्या. बायकांच्या वॉर्डाबाहेरचं टेबल त्यांच्याकडे होतं. टेबलाच्या खणात एक रबरी शिक्का असे. गर्भपातासाठी कुणी आली की सिस्टर केसपेपरवर तो उठवीत. ‘पतीची सही’ आणि खाली एक रिकामी रेघ. शिक्का कुणी करून घेतला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सिस्टर रुजू झाल्या तेव्हाही तो खणात होताच.

एका हिवाळ्यात एक बाई आली. एक पोर कडेवर, एक बोटाशी. नवरा ऊसतोडीला लांबच्या कारखान्यावर गेला होता. सिस्टरांनी शिक्का उठवला आणि म्हणाल्या, “बाई, मालकांना घेऊन या.”

बाई त्या रेघेकडे बघत उभी राहिली. मग पोरांना घेऊन निघून गेली.

पंधरा दिवसांनी तिला स्ट्रेचरवर आणलं. गावात कुणीतरी दिलेलं औषध तिनं घेतलं होतं. अंगात विष भिनलं होतं. पहाटे ती गेली. सिस्टरांचा जीव कळवळला. पण नियमापुढं आपण काय करणार, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

वर्षं गेली. 2022 ची दिवाळी झाली आणि एक मुलगी एकटीच आली. वय 23, लग्न झालेलं नव्हतं. दिवस 21 आठवड्यांचे. लग्न करू म्हणणारा मुलगा गाव सोडून गेला होता.

“नवरा नाही, तर आईवडिलांना आण पोरी,” सिस्टर म्हणाल्या.

मुलगी काही बोलली नाही. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

वॉर्डात नव्यानं आलेल्या डॉक्टर मॅडम मागं उभ्या होत्या. त्यांनी कपाटातून संमतीचा कोरा ‘फॉर्म सी’ काढला, टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “सिस्टर, यात नवऱ्याची जागा कुठं आहे, दाखवता?”

सिस्टरांनी चष्मा लावला. फॉर्म दोनदा वाचला. सज्ञान बाईसाठी सहीची जागा एकच होती, तिची स्वतःची.

“म्हणजे नियम बदलला?”

“थोडा बदलला,” मॅडम म्हणाल्या. “दिल्लीत 25 वर्षांच्या एका अविवाहित मुलीला उच्च न्यायालयानं नाही म्हटलं. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. 29 सप्टेंबरला न्यायमूर्ती चंद्रचूड, बोपण्णा आणि पारडीवाला यांनी निकाल दिला. 20 ते 24 आठवड्यांच्या मुदतीतही लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करायचा नाही. कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालायच्या नाहीत.”

“आणि नवऱ्याची सही?”

“ती 1971 च्या कायद्यानं कधी मागितलीच नव्हती.”

सिस्टर खुर्चीत बसल्या. कडेवरचं पोर, बोटाशी धरलेलं पोर आणि ती रिकामी रेघ त्यांच्या डोळ्यांपुढं आली. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत.

मग त्यांनी पेन उचललं आणि मुलीच्या हातात दिलं. “इथं कर सही, बाळ. तुझीच लागते.”

दोन डॉक्टरांनी तपासून आपलं मत लिहिलं. कागद पाकिटात गेले, पाकीट बंद झालं, वर ‘गोपनीय’ लिहिलं गेलं. चार दिवसांनी मुलगी आपल्या पायांनी चालत घरी गेली.

त्यानंतर सिस्टरांच्या टेबलावर, काचेखाली, मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद दिसू लागला: ‘तुम्ही सज्ञान असाल तर इथे फक्त तुमची सही लागते.’

निकाल दिल्लीत लागतो आणि कायदा पुस्तकात राहतो. बाईची गाठ पडते ती टेबलामागच्या माणसाशी. कायद्यानं उघडलेलं दार एका शिक्क्यानं वर्षानुवर्षं बंद राहू शकतं. म्हणून जे आपण नियम म्हणून पाळतो, तो खरोखर नियम आहे का, हे एकदा कागद उघडून वाचावं. तेवढ्या वाचण्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.