अनिर्णिताची बातमी

के२-१८बी या दूरस्थ ग्रहावर जीवसृष्टीची चाहूल लागल्याचे वृत्त एप्रिल २०२५मध्ये जगभर पसरले आणि काही आठवड्यांतच त्याच्या आधारसामग्रीवर इतर शास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले. अशा प्रत्येक प्रसंगी विज्ञानाच्या वर्तुळातून एक जुने मत नव्या जोमाने पुढे येते. शास्त्रज्ञांमधले वाद शास्त्रज्ञांमध्येच मिटले पाहिजेत, निष्कर्ष पक्का होईपर्यंत तो सामान्य वाचकापुढे आणूच नये, कारण आज छापलेले उद्या मागे घ्यावे लागले की लोकांचा विज्ञानावरचा विश्वास ढासळतो आणि त्या जागी भोंदूगिरी शिरते, असे ते मत आहे. त्याला येथे सोयीसाठी ‘मौनवाद’ म्हणता येईल. मौनवाद्यांची कळकळ खरी आहे आणि वृत्तपत्रांविषयीची त्यांची तक्रारही बरीचशी खरी आहे. तरीही त्यांचा उपाय चुकीचा आहे, आणि ज्या विज्ञानाच्या रक्षणासाठी तो सुचवला जातो त्या विज्ञानाच्या स्वरूपाविषयीच तो लोकांची दिशाभूल करतो.

आधी त्यांची तक्रार नीट समजून घेतली पाहिजे. के२-१८बी हा ग्रह सिंह तारकासमूहात, पृथ्वीपासून सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर आहे. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८.६ पट आणि त्रिज्या सुमारे २.६ पट असून तो एका थंड, तांबूस, लहान ताऱ्याभोवती ३३ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळून येतो, आणि कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला यावरून वातावरणात कोणते वायू असावेत याचा अंदाज बांधता येतो. केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या साहाय्याने घेतलेल्या अशा निरीक्षणांत डायमिथिल सल्फाइड किंवा डायमिथिल डायसल्फाइड यांपैकी एकाची, अथवा दोघांचीही, खूण दिसते असे प्रतिपादन केले. पृथ्वीवर यांपैकी पहिला वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म वनस्पतिप्लवकांमुळे निर्माण होतो, म्हणून त्याला जीवखूण मानण्याचा प्रस्ताव आहे.

या संशोधनाची सांख्यिकीय पातळी ‘तीन सिग्मा’ इतकी होती. तेथे असा वायू मुळीच नसता, तर निव्वळ योगायोगाने असा संकेत दिसण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असती, एवढाच या संज्ञेचा अर्थ आहे. वाचकापर्यंत मात्र तो ‘९९.७ टक्के खात्री’ या रूपात पोहोचला, आणि तीही वायूची नव्हे, जीवसृष्टीची. या दोन विधानांतले अंतर समजायला उच्च गणित लागत नाही. पाऊस पडला असेल तर अंगण ओले होणार हे जवळजवळ निश्चित असते. परंतु अंगण ओले दिसले म्हणून पाऊस पडल्याचे तितकेच निश्चित होत नाही, कारण घरातल्या कोणी सडा घातलेला असू शकतो. सडा घालण्याची चाल त्या घरात आहे की नाही हे ठाऊक झाल्यावाचून ओल्या अंगणावरून पावसाचा हिशेब करता येत नाही. येथे तर एकामागून एक चार पायऱ्या होत्या: संकेत खरा आहे का, तो याच रेणूचा आहे का, रेणू तेथे टिकून राहील इतका सतत तयार होतो का, आणि तो सजीवांवाचून तयार होऊच शकत नाही का. शेवटच्या पायरीविषयीची शंका तर आधीपासूनच होती, कारण ६७पी या धूमकेतूवर, जेथे जीवसृष्टी असल्याचे कोणी मानत नाही, हाच रेणू असल्याचे २०२४मध्ये दाखवले गेले होते. पुढे ऑक्सफर्डचे जेक टेलर यांनी त्याच निरीक्षणांचे साधे पुनर्विश्लेषण केले तेव्हा त्यांना सपाट रेषेहून वेगळे काही मानण्यास पुरेसा आधार आढळला नाही, आणि शिकागो विद्यापीठातील एका गटाने दुर्बिणीच्या वेगवेगळ्या उपकरणांची निरीक्षणे एकत्र पाहून पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. मूळ वृत्ताला भारतात मोठी जागा मिळाली, ‘भारतीय वंशाचा शास्त्रज्ञ’ हे शब्द मथळ्यांत झळकले. आक्षेपांना त्या जागेचा लहानसा तुकडाही मिळाला नाही.

इथपर्यंत मौनवाद्यांची बाजू बळकट वाटते. परंतु अतिशयोक्ती नेमकी कोठे जन्मते हे तपासले की ती डळमळू लागते. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २०१४मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रिटनमधील २० विद्यापीठांनी काढलेली आरोग्यविषयक संशोधनाची ४६२ प्रसिद्धिपत्रके मूळ शोधनिबंधांशी आणि नंतरच्या बातम्यांशी ताडून पाहण्यात आली. ४० टक्के पत्रकांत मूळ निबंधापेक्षा वाढवून सल्ला दिलेला होता, आणि ३३ टक्क्यांत केवळ सहसंबंध असताना कार्यकारणाचा दावा होता. पत्रकात कार्यकारणाची अतिशयोक्ती असेल तेव्हा ८१ टक्के बातम्यांत ती उतरली. पत्रक संयत असेल तेव्हा केवळ १८ टक्के बातम्यांत ती आढळली. अशा पत्रकांचे मसुदे बहुधा संशोधकांच्या नजरेखालून जातात. तेव्हा ज्या दोषासाठी वार्ताहराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, त्याचा मोठा वाटा संशोधनसंस्थांच्या दारातच पडलेला असतो. के२-१८बीच्या बाबतीतही सौरमालेबाहेरच्या जैविक हालचालीची आजवरची सर्वांत प्रबळ खूण सापडल्याची भाषा विद्यापीठाच्या पत्रकातच होती. लोकांपासून वाद दडवा असे सांगणाऱ्या वर्तुळाने आधी स्वतःचे पत्रक वाचले पाहिजे.

मात्र एवढ्यावर थांबून दोष वार्ताहराच्या अंगावरून काढून प्रसिद्धी अधिकाऱ्याच्या अंगावर टाकणे हेही अपुरे ठरेल. प्रश्न त्याहून खोल आहे, आणि त्याच्या तळापर्यंत जो विचारवंत गेला त्याचे नाव मराठी वैचारिक लेखनात क्वचितच घेतले जाते. लुडविक फ्लेक हा आजच्या युक्रेनमधील ल्विव शहरात १८९६मध्ये जन्मलेला, ज्यू कुटुंबातला डॉक्टर आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. वैज्ञानिक तथ्य कसे जन्मते आणि वाढते यावरचा त्याचा जर्मन ग्रंथ १९३५मध्ये बाझलमधून प्रसिद्ध झाला. नंतर नाझींनी त्याला आउशवित्झ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत डांबले. तेथून तो जिवंत बाहेर आला, परंतु त्याचा ग्रंथ दीर्घकाळ विस्मृतीतच राहिला. थॉमस कून यांनी १९६२मधील आपल्या विख्यात ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याचा ऋणनिर्देश केला, त्यानंतर तो हळूहळू वाचला जाऊ लागला. कूनच्या ‘प्रतिमान’ या संकल्पनेवर मराठीत बरेच लिहिले जाते. फ्लेकचे ऋण मात्र अजून फेडायचे राहिले आहे.

फ्लेकच्या मते ज्ञान एकट्या माणसाचे नसते. ते एका ‘विचारसमूहा’चे असते, आणि अशा प्रत्येक समूहाला तज्ज्ञांचे लहान अंतर्वर्तुळ व सुशिक्षितांचे मोठे बाह्यवर्तुळ असते. अंतर्वर्तुळातले, म्हणजे शोधनियतकालिकांतले विज्ञान चाचपडणारे, अटी घालून बोलणारे आणि लेखकाच्या व्यक्तिगत जबाबदारीवर उभे असते. तेच पुढे तज्ज्ञांसाठीच्या हस्तपुस्तिकेत शिरते तेव्हा निवडलेले, जुळवलेले आणि अधिक ठाम होते. आणि बाह्यवर्तुळात पोहोचते तेव्हा तपशील गळतात, वाद गळतात आणि उरते ते सोपे, चित्रमय आणि निःशंक विधान. फ्लेकने यासाठी आपल्या रोजच्या कामातले उदाहरण घेतले आहे. रुग्णाच्या घशातला नमुना तपासणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला घटसर्पाच्या जंतूंविषयी जे दिसते ते गुंतागुंतीचे असते. जंतूंच्या आकारात, मांडणीत, रंग धरण्यात शंकेला जागा असते. परंतु उपचार करणाऱ्या डॉक्टरला तो हे सारे लिहून देत नाही, कारण त्या डॉक्टरला त्याचा उपयोग नसतो. अहवाल छोटा आणि निश्चित होतो. येथे कोणी खोटे बोललेले नसते, कोणी लबाडी केलेली नसते. तरीही ज्ञान एका वर्तुळातून दुसऱ्यात जाताना त्याची खात्री वाढलेली असते.

या विवेचनातला पुढचा भाग मौनवादाचा पायाच उखडून टाकतो. ही वाढलेली खात्री बाह्यवर्तुळातच राहत नाही, ती उलट फिरून तज्ज्ञापर्यंत येते, असे फ्लेकने दाखवले. आपला विषय सोडला की प्रत्येक तज्ज्ञ सामान्य वाचकच असतो. के२-१८बीची बातमी वाचणारा वनस्पतिशास्त्रज्ञ, अनुदानाचा निर्णय घेणारा अभियंता, शेजारच्या विषयातला प्राध्यापक हे सारे बाह्यवर्तुळात उभे असतात आणि तेथूनच त्यांच्या मनात जगाचे चित्र तयार होते. मौनवाद ज्या ‘सामान्य माणसा’ला दाराबाहेर उभे करू पाहतो, तो प्रत्येक प्रयोगशाळेच्या आत बसलेला आहे. शिवाय निर्णय लागल्यावरच सांगायचे ठरवले, तर लोकांपुढे केवळ निकाल येतील, निकाल कसे लागतात हे कधीच येणार नाही, आणि मग पुढच्या साथीत किंवा पुढच्या लसीच्या वेळी तज्ज्ञांनी मत बदलले की ते लोकांना फितुरीसारखे वाटेल. विश्वास ढासळतो तो मत बदलल्यामुळे नव्हे. मत बदलणे हा या व्यवहाराचा भागच आहे हे कधीही सांगितले न गेल्यामुळे तो ढासळतो.

फ्लेकचे मात्र एक म्हणणे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. सोपेपणा, चित्रमयता आणि निश्चितता ही तिन्ही जणू एकाच देठाची फळे आहेत अशा रीतीने तो मांडणी करतो. घटसर्पाच्या अहवालापुरते ते ठीक आहे, कारण डॉक्टरला त्याच दिवशी उपचार ठरवायचा असतो. दिवाळी अंकाच्या वा वृत्तपत्राच्या वाचकाला असा निर्णय घ्यायचा नसतो. त्याच्यासाठी भाषा सोपी करूनही शंका शिल्लक ठेवता येते. ओल्या अंगणाचे उदाहरण सोपे आहे, चित्रमयही आहे, आणि ते खात्री वाढवत नाही, उलट कमी करते.

मौनवादी येथे गुरुत्वीय लहरींचा दाखला देतात, आणि तो त्यांचा सर्वांत भक्कम दाखला आहे. या लहरी टिपण्यासाठी उभारलेल्या लायगो वेधशाळेच्या उपकरणांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, आणि तपासण्या पूर्ण करून ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती जाहीर झाली. त्याआधी २०१०मध्ये तर या गटाने स्वतःचीच परीक्षा घेतली होती: मोजक्या व्यक्तींनी उपकरणात गुपचूप खोटा संकेत सोडला, शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने त्याचे विश्लेषण करून निबंधाचा मसुदाही तयार केला, आणि मार्च २०११मध्ये तो संकेत कृत्रिम असल्याचे त्यांना सांगण्यात आले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधनसंस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंगाटातून असा क्षीण संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतींवर अनेक वर्षे केलेले काम याच शिस्तीचा भाग होते, आणि आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारली जाणार असल्याने ही शिस्त मराठी वाचकाच्या अंगणातली गोष्ट झाली आहे. परंतु स्वतःचा निष्कर्ष तपासून पाहण्यासाठी घेतलेला वेळ आणि दोन पक्षांतला उघड वाद दडवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लायगोने निष्कर्षाबरोबर निरीक्षणेही सर्वांसाठी खुली केली, म्हणूनच २०१७मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतील गटाला त्यांच्यावर आक्षेप घेता आला, तो आक्षेप जाहीरपणे चर्चिला गेला, आणि लहरींवरचा विश्वास त्यामुळे कमी झाला नाही.

अनिर्णित गोष्ट कशी सांगावी याचा नमुना शोधायला फार दूर जावे लागत नाही. एप्रिल २००५मध्ये हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा केले. जयंत नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि हैदराबादमधील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र येथील स्वतंत्र तपासणीत जिवाणूंच्या १२ आणि बुरशींच्या ६ वसाहती मिळाल्या, त्यांत जिवाणूंच्या तीन प्रजाती नव्या होत्या, आणि अतिनील किरणांना त्यांनी दाखवलेला प्रतिकार लक्षणीय होता. त्यांपैकी एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचे नाव देण्यात आले, आणि हे तेच हॉईल, ज्यांनी सजीवांची बीजे अंतराळातून पृथ्वीवर आली असे आयुष्याच्या उत्तरार्धात हिरिरीने मांडले होते. शिष्याला आपल्या गुरूचे म्हणणे खरे ठरवण्याचा मोह पडावा असा याहून मोठा प्रसंग नव्हता. मार्च २००९मध्ये इस्रोने काढलेल्या पत्रकात मात्र या सूक्ष्मजीवांचे पृथ्वीबाहेरचे मूळ यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे काम पुढे नेण्यास उत्तेजन मात्र मिळते, असे स्पष्ट नोंदवलेले होते. शोध सांगितला, त्याची मर्यादाही त्याच पानावर सांगितली, आणि वाचकाला हे समजणार नाही असे कोणी मानले नाही.

मराठी संपादकांनी म्हणून दोनच गोष्टी कराव्यात. प्रत्येक वैज्ञानिक बातमीत, तो निष्कर्ष मान्य नसलेल्या किंवा त्यात सहभागी नसलेल्या एका तज्ज्ञाचे मत त्याच दिवशी, त्याच मजकुरात द्यावे. आणि आक्षेपाची बातमी आली की तिला पहिल्या बातमीच्याच पानावर, तेवढ्याच आकारात जागा द्यावी. के२-१८बीची बातमी आली त्यानंतर सुमारे महिनाभराने, २० मे २०२५ रोजी, नारळीकर पुण्यात निवर्तले. त्या बलूनमधील जिवाणू मुळात कोठून आले याचा निर्णय आजही लागलेला नाही, आणि २००९च्या त्या पत्रकातला एकही शब्द मागे घ्यावा लागलेला नाही.