गळ्यातली काठी

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडच्या पश्चिम भागात लहान मुलांच्या गळ्यात दोरीने एक छोटी काठी बांधीत असत. मुलाच्या तोंडून आयरिश भाषेतले काही निघाले की त्या काठीवर सुरीने एक खाच पाडायची. मग शाळेत मास्तर खाचा मोजीत आणि त्या हिशेबाने छड्या देत. राज्यकर्त्यांनी जिंकलेल्या लोकांची भाषा मारली अशा कथा आपण पुष्कळ वाचलेल्या असतात, आणि ही त्यांतलीच एक म्हणून सोडून देता आली असती. पण शाळेबाहेर, घरी, खाच पाडणारा हात कोणाचा होता? तो बापाचा किंवा आईचा होता.

डब्लिनचे प्रसिद्ध डॉक्टर विल्यम वाइल्ड, म्हणजे ऑस्कर वाइल्डचे वडील, यांनी १८५२ साली आपल्या देशातल्या लोकसमजुतींवर एक पुस्तक छापले. त्यात असा एक प्रसंग आहे. डोंगराळ मुलखातल्या एका घरी ते उतरले असताना पाहुण्याला बघायला मुले जमली. आठेक वर्षांचा एक मुलगा बहिणीशी आयरिशमध्ये काहीतरी बोलला आणि बापाची नजर पडताच एकदम मागे सरला. बापाने त्याला जवळ बोलावले, एक अक्षरही न बोलता त्याच्या कपड्यांतून ती काठी बाहेर काढली आणि तिच्यावर आणखी एक खाच पाडली. वाइल्डनी त्याला विचारले, तुझे आयरिशवर प्रेम नाही काय? तेव्हा त्या माणसाचे डोळे चमकले. तो म्हणाला, आहे तर. माझ्या बापाची भाषा ती, या डोंगरांची आणि तळ्यांची भाषा. पण पोरांना शिक्षण मिळायला हवे, आणि सरकारी शाळेत आयरिश शिकवीत नाहीत.

या बापाला काय म्हणावे, हा प्रश्न मला आज वर्षभर सोडीत नाही.

आमच्या घरी आयर्लंडचे नाव लहानपणापासून ऐकलेले. ‘होमरूल’ हा शब्दच आपल्याकडे तिकडून आला. १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचे बंड झाले. तेव्हा माझ्या मनातला आयर्लंड म्हणजे फाशी, बंदुका आणि देशभक्त. गेल्या वर्षी चार महिने लेकीकडे डब्लिनला राहिले, तेव्हा दिसला तो आयर्लंड निराळाच. रस्त्याच्या पाटीवर वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव, खाली इंग्रजी नाव. आणि पाटीखालून जाणारा येणारा प्रत्येक जण इंग्रजी बोलणारा. एका अख्ख्या राष्ट्राने आपली भाषा पाटीवर चढवून ठेवली आहे आणि स्वतः मात्र खालच्या ओळीत राहते, असे मला राहून राहून वाटे.

असे का झाले हे समजायला दुष्काळाकडे जावे लागते. १८४१ च्या शिरगणतीत त्या बेटावर ८१ लाख ७५ हजार माणसे होती. त्यांतली जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि तीही सर्वांत गरीब, केवळ बटाट्यावर जगत होती. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. पुढच्या वर्षी तर पीक साफ गेले. सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्या काळातही धान्य आणि गुरे जहाजांवर चढून इंग्लंडला जातच होती. १८५१ ची शिरगणती ६५ लाखांवर आली. मृत्यूचा हात सर्वांत जड पडला तो पश्चिमेवर व दक्षिणेवर, म्हणजे जेथे घराघरांत आयरिश बोलली जाई नेमका तेथे. आजही त्या बेटाची लोकसंख्या १८४१ इतकी झालेली नाही.

जे उरले त्यांना वाट एकच दिसत होती, ती बंदराकडे जाणारी. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री घरात माणसे जमत. गाणी होत, नाच होई, रडणे होई. या रात्रीला लोक अमेरिकेचे मयत म्हणत. मेलेल्यासाठी जागवायची रात्र ते जिवंत माणसासाठी जागवीत, कारण तो परत दिसणार नाही हे सर्वांनाच ठाऊक असे. अशा घरातल्या आईला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरणाऱ्या मुलीच्या शिदोरीत काय बांधावेसे वाटेल? सोने नव्हते, जमीन नव्हती. इंग्रजी तेवढी बांधून देता येत होती. १८३१ पासून सरकारी शाळा निघाल्या होत्या आणि त्यांची भाषा इंग्रजी होती. खुद्द डॅनियल ओकॉनेल, ज्याच्या सभांना लाखांनी माणसे लोटत, तो केरी परगण्यातला. आयरिश त्याच्या घरातली. पण ही भाषा हळूहळू टाकली जात आहे याचे आपल्याला दुःख नाही, इंग्रजीचा उपयोग फार मोठा आहे, असे तो मोकळेपणी सांगे.

आता कोणी म्हणेल, ज्याच्यापुढे एकच वाट आहे त्याने निवड केली असे म्हणताच येत नाही. तेव्हा दोषही नाही. मला हे अर्धेच पटते. उपाशी लेकरासाठी एखाद्याने देव्हाऱ्यातले चांदीचे देव विकले तर त्याला पापी म्हणणारा माणूस स्वतः कधी उपाशी राहिलेला नसतो. परंतु देव विकताना त्याचा हात थरथरला पाहिजे, आणि सुकाळ आल्यावर रिकाम्या देव्हाऱ्याकडे त्याची नजर गेली पाहिजे. वाइल्डना भेटलेल्या बापाचे डोळे चमकले होते. त्याला काय जात आहे हे कळत होते. म्हणून त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती त्याच्या मुलाविषयी आणि नातवाविषयी. १८५१ मध्ये आयरिश येणारी माणसे १५ लाखांच्या वर होती. १८९१ मध्ये ती सात लाखांच्याही खाली आली. या चाळीस वर्षांत पोटाची आग पूर्वीसारखी राहिली नव्हती. पुढेपुढे कूळ जमिनीचा मालक होऊ लागले होते. तरी भाषा जातच राहिली. कारण भुकेने सुरू केलेले काम आता लाजेने हाती घेतले होते. आयरिश म्हणजे चिखल, अनवाणी पाय, म्हातारी माणसे. दाराशी कोणी परका आला की घरातले बोलणे बदले. भूक शमते, तिला शमल्याची खूण असते. लाजेला तशी खूण नसते. गरज कोठे संपली आणि लाज कोठून सुरू झाली, ही रेघ ज्याने त्याने आपल्यापुरती शोधायची असते आणि ती बहुधा कोणीच शोधीत नाही.

शोधणारे थोडे निघाले. १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली. तिचा पहिला अध्यक्ष डग्लस हाइड हा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा, म्हणजे ज्यांच्या घरी ही भाषा परकी त्यांच्यातला. हाच पुढे १९३८ मध्ये देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९२२ मध्ये स्वराज्य आले, १९३७ च्या घटनेने आयरिश ही पहिली राजभाषा ठरली. आणि मग नव्या सरकारने काय केले? शाळेत ती सक्तीची केली. १९७३ पर्यंत आयरिशमध्ये नापास झालेला मुलगा शालान्त परीक्षेतच नापास होई. ब्लास्केट बेटावरच्या पेग सेयर्स या बाईचे आत्मवृत्त पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतले गेले. स्वतः पेगला आयरिश लिहिता येत नव्हते. तिने सांगितले आणि मुलाने लिहून घेतले. पण मनाशी बोलल्यासारखे सांगितलेले ते दुःख परीक्षेत आल्यामुळे मुलांना तिचे नाव नकोसे झाले. इंग्रजीसाठी एक काठी होऊन गेली, आता आयरिशसाठी दुसरी. २०२२ च्या शिरगणतीत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात पावणेएकोणीस लाख लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार.

कोणी येट्स, शॉ, बेकेट यांची नावे पुढे करून म्हणतात की बघा, भाषा गेली पण साहित्य केवढे आले. हे मला फसवे वाटते. हे तिघेही इंग्रजी बोलणाऱ्या प्रॉटेस्टंट घरांतले. त्यांच्या आज्यांच्या गळ्यात काठी नव्हती. जॉइसचे निराळे. त्याच्या १९१६ च्या कादंबरीतला तरुण विद्यार्थी एका इंग्रज धर्मगुरूशी बोलताना चाचपडतो. आपण बोलतो ते शब्द आधी या माणसाचे आहेत, मग आपले, हे त्याला टोचते. ज्याला असे टोचले नाही त्याला या प्रश्नातले काही कळणार नाही.

आणि तरी भाषा समूळ जात नाही, हे मला माझ्या सात वर्षांच्या नातवाने दाखवले. डब्लिनच्या शाळेत तो आयरिश शिकतो. एके दिवशी येऊन म्हणाला, “आजी, आयरिशमध्ये भूक माझ्यावर असते!” मी त्याची वही घेऊन बसले. त्या भाषेत ‘बाळगणे’ या अर्थाचे इंग्रजीसारखे क्रियापदच नाही. पुस्तक माझ्याजवळ असते. दुःख माझ्यावर असते. ‘हो’ला सुटा शब्द नाही, आलास का म्हटले की आलो म्हणायचे. मला तर आपल्याच घरात आल्यासारखे वाटले. मग बाजारात नीट कान देऊन ऐकू लागले, तो इंग्रजी बोलणारी माणसेही नुसते हो म्हणत नाहीत, ‘केले’, ‘आहे’ अशी क्रियापदानेच उत्तरे देतात. भाषा टाकली, पण तिची बैठक अंगातून गेली नाही.

नातवाने हे सारे मला इंग्रजीत सांगितले. त्याला मराठी समजते, बोलता येत नाही. त्याच्या गळ्यात कोणी काठी बांधली नाही, माझ्या लेकीला दुष्काळाने तिकडे घालवले नाही. तिला मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “आई, मला मराठी आवडत नाही का? पण त्याला इथे राहायचंय.” मी गप्प बसले. हे उत्तर मी पूर्वी वाचलेले होते.

बेलफास्टमध्ये १९६९ च्या सुमारास मोजक्या काही कुटुंबांनी शॉज रोडवर शेजारी शेजारी घरे बांधली, आपली मुले आयरिशमध्ये वाढवायची म्हणून. या आईबापांना ती भाषा घरून मिळाली नव्हती, मोठेपणी शिकलेली. १९७१ मध्ये त्यांनी नऊ मुलांची शाळा काढली. सरकारी अधिकाऱ्यांनी खटल्याची धमकी दिली, अनुदान मिळायला १९८४ उजाडले. ती शाळा आजही चालू आहे. मी लेकीला हे सांगितले तेव्हा तिने नांगी टाकलेल्या आवाजात नव्हे, खऱ्या कुतूहलाने विचारले, की मुलाला दटावायचे, झोपेतून उठवायचे, पडल्यावर समजवायचे शब्द त्या आयांनी कोठून आणले असतील? व्याकरणाच्या पुस्तकात ते नसतात.