हस्तिनापूर तसंच राहिलं

भूमिपूजनात मी यजमानाच्या हातात पिवळी मोहरी देते आणि ती दाही दिशांना टाकायला सांगते. या जागी आजवर जे कुणी राहत होते त्यांनी आता दुसरीकडे जावं, आमच्या कामात विघ्न आणू नये, असा त्या मंत्राचा आशय. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही झाड तोडण्याआधी त्यावर राहणाऱ्यांना बळी अर्पून तशीच विनंती करायला सांगितली आहे. म्हणजे जमीन रिकामी नसते, हे आपल्या पूर्वजांनी गृहीतच धरलं होतं. पण नेरुळमध्ये पौरोहित्य करताना मला पडणारा प्रश्न त्या विधीत नाही : त्यांनी जायचं कुठं?

भरतीला ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की रोहित पक्षी आमच्याकडच्या उथळ तळ्यांवर येऊन थांबतात. खाडीला 2022 मध्ये पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, चांगलंच झालं. पण भरतीचा हा आसरा बुजवला तर तो दर्जा पक्ष्यांच्या काय कामाचा? याच पाण्यावर आगरी-कोळ्यांची चिंबोरी, निवट्या, जिताडाही अवलंबून आहेत. अशाच एका पाणथळीलगतच्या भूखंडावर मी हे बोलले, तेव्हा यजमान म्हणाले, "ताई, मग गरिबांना घरं नकोत का?"

हवीत. डोक्यावर छप्पर मागणं हा अधर्म नाही. म्हणूनच मला महाभारतातलं खांडववन आठवतं. अर्जुनाच्या मदतीनं अग्नीनं ते जाळलं, तेव्हा पांडवांचं इंद्रप्रस्थ आधीच वसलेलं होतं, पण त्या राज्याचा विस्तार त्या आगीतूनच झाला. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये त्या क्रौर्यावर नेमकं बोट ठेवलं आहे. त्या वणव्यातून तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्यांची चार पिल्लं एवढेच वाचले. महाभारतानं त्या पिल्लांना आणि त्यांच्या आईला, जरितेला, बोलायला लावलं, हे मला फार मोठं वाटतं.

पण आपण दोष देतो तो अर्जुनाला आणि अग्नीला. त्याआधी धृतराष्ट्रानं काय केलं? घर नसलेल्या पुतण्यांना त्यानं ओसाड खांडवप्रस्थ दिलं आणि वसलेलं, समृद्ध हस्तिनापूर स्वतःच्या मुलांकडे ठेवलं. मग बेघर माणसं आणि वनातले जीव समोरासमोर आले, आणि हस्तिनापूरला काहीच सोडावं लागलं नाही.

आजही तेच चाललं आहे. 2024 मध्ये धारावीच्या पुनर्वसनासाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड पट्ट्यातली सुमारे 256 एकर मिठागरं देण्याचा निर्णय झाला. त्याआधी 2017 च्या पाणथळ नियमांनी मिठागरं पाणथळीच्या व्याख्येतून वगळलीच होती. गरिबाला घर मिळणार, पण भरतीच्या तोंडाशी. स्टेशनाजवळची जमीन ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे राहणार. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसानंतरही सखल जमिनीला 'स्वस्त' म्हणणं मला पटत नाही. तिची उरलेली किंमत घरात शिरलेल्या पाण्यातून वसूल होते.

आणि अपंग माणसाचं काय? पाणी शिरतं म्हणून जोतं 4 फूट उचललं, तर 1:12 च्या उतारानं रॅम्प 48 फूट लांब हवा. तेवढी जागा कोणी सोडत नाही, पायऱ्या बांधून मोकळे होतात. 30 चौरस मीटरच्या घरात न्हाणीघराचं दार इतकं अरुंद असतं की चाकाची खुर्ची आत जात नाही. मीटरची खोली तळाशी असेल तर पूर येताच वीज तोडावी लागते, लिफ्ट थांबते आणि तो माणूस पाचव्या मजल्यावर अडकतो. पाण्याला जागा सोडायची, दुबळ्याला वाट द्यायची आणि गरिबाला परवडेल असं घर द्यायचं, ही माझ्या लेखी तीन कामं नाहीत. ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं सरकून बसावं, एवढीच ती मागणी आहे. जुन्या वसाहतींचा पुनर्विकास, बंद पडून असलेल्या सदनिका, स्टेशनांभोवतालची भराव झालेली जमीन : आधी हे हस्तिनापूर वाटून घ्या.

पाणथळ बुजवलेल्या भूखंडावर मी आता मोहरी टाकायला जात नाही. दक्षिणा बुडते, बुडू दे. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा एवढं जरूर विचारा : ही जागा आधी काय होती, मीटर किती उंचावर आहेत आणि चाकाची खुर्ची रस्त्यापासून न्हाणीघरापर्यंत जाते का. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.