शेवटचं कधी घेतलं?

रुग्णालयात दाखल होणाऱ्या माणसाला पहिल्या तासाभरात काय काय विचारलं जातं! साखर आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, दम्याचा त्रास, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधी कुठलं ऑपरेशन झालंय, शेवटचं कधी खाल्लं. दारूचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहूनच जातो, नाहीतर उरकला जातो : "काही व्यसन वगैरे नाही ना?" शेजारी बायको उभी असते, पायथ्याशी मेहुणा, पलीकडच्या कॉटवरचा पेशंट कान देऊन ऐकत असतो. अशा वेळी कोण हो म्हणेल?

माझं म्हणणं असं आहे की, दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला दारूबद्दल ठरावीक प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि खरं उत्तर देणाऱ्याचं त्यामुळे नुकसान होता कामा नये. यातली दुसरी गोष्ट झाल्याशिवाय पहिलीला अर्थ नाही.

हाडांच्या वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, ती तिसऱ्या रात्रीबद्दल सांगेल. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला माणूस. ऑपरेशन नीट झालं, रॉड बसला, पहिला दिवस गुंगीत गेला. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, दरदरून घाम, डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या रात्री तो चादरीवरचे नसलेले किडे वेचू लागतो. भिंतीवर त्याला कुणीतरी दिसतं. सलाइनची सुई उपसून तो कॉटवरून उतरायला बघतो, नुकतंच ऑपरेशन झालेल्या पायावर. नातेवाइकांना वाटतं, भूल नीट उतरली नाही, नाहीतर बाहेरचं काहीतरी लागलं. वॉर्डबॉय येऊन बँडेजच्या पट्ट्यांनी हातपाय बांधतो. कारण एवढंच असतं की, रोज संध्याकाळी मिळणारी दारू शरीराला एकाएकी मिळेनाशी झाली आहे.

दारूच्या दडपणाखाली काम करायची सवय झालेला मेंदू ते दडपण उठलं की अनावर होतो. झटके येतात ते साधारण पहिल्या 2 दिवसांत, आणि हा भ्रम 2 ते 4 दिवसांत. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. पण आधी कळलं तर लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं वेळेवर, मोजून देता येतात आणि बहुतेकांची ती रात्र टळते. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-1, लागतं. ते ग्लुकोज चढवण्याआधी द्यावं असं डॉक्टरांना शिकवलेलं असतं, कारण त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. यातलं काहीच महागडं नाही. लागते ती फक्त माहिती, आणि ती घरच्यांकडे असते. म्हणून तर एखादा भाऊ पाण्याच्या बाटलीतून गुपचूप दारू आणून पाजतो. घेतली की थरथर थांबते हे त्याने घरी पाहिलेलं असतं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट उपचार करणाऱ्यालाच ठाऊक नसावी, हे भयंकर आहे.

पण हे झाले शरीराने दारूला पुरते बांधले गेलेले लोक. त्यांच्याहून कितीतरी मोठी संख्या अशांची, ज्यांना आपलं काही चुकतंय असं वाटतच नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात, आणि जवळपास 5 कोटी 70 लाखांचं पिणं मदतीची गरज पडावी इतकं घातक आहे. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. उरलेले कधीच डॉक्टरांसमोर येत नाहीत असं नाही. ते येतात : पोटदुखी घेऊन, अपघात होऊन, काविळीने, वाढलेल्या बीपीने.

त्यांना ओळखायला जागतिक आरोग्य संघटनेने 10 प्रश्नांची एक चाचणी तयार केलेली आहे. तिचं नाव ऑडिट. नॉर्वे, केनिया, मेक्सिको अशा एकमेकांपासून वेगळ्या 6 देशांत ती पारखून घेतली गेली. एकूण गुण 40, आणि 8 किंवा जास्त पडले की पिणं धोक्याचं समजायचं. आता आपल्याकडचा हिशेब करून पाहू. 42.8 टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे 180 मिली. तिच्यात सुमारे 61 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. या चाचणीत 10 ग्रॅमचं एक प्रमाण पेय धरतात, म्हणजे एक क्वार्टर झाली 6 पेयं. आठवड्यातून 2-3 वेळा घेतो म्हणून 3 गुण, एका वेळी 6 पेयं म्हणून 2, आणि आठवड्याला किमान एकदा 6 पेयांची पातळी गाठतो म्हणून 3. बेरीज 8. "रोज नाही हो, आणि एका क्वार्टरच्या वर कधीच नाही," असं मनापासून सांगणारा माणूस पहिल्या 3 प्रश्नांतच धोक्याच्या रेषेवर उभा असतो. त्याने कधी भांडण केलेलं नसतं, कामावर दांडी मारलेली नसते. तो खोटं बोलत नाही. त्याला हा हिशेब कुणी करून दाखवलेला नाही, आणि तो करून दाखवायला 5 मिनिटं पुरतात.

ओळखून पुढे काय, असं विचारणारे बरेच भेटतात. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने याचं उत्तर दिलं आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, ऑडिटमध्ये 12 ते 19 गुण पडलेल्या पुरुषांशी प्रशिक्षण दिलेले सल्लागार बोलले. हे सल्लागार डॉक्टरही नव्हते, मानसोपचारतज्ज्ञही नव्हते. जास्तीत जास्त 4 बैठका झाल्या. 3 महिन्यांनी नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी 18 टक्के पूर्ण कोरडे होते. या बैठका झालेल्यांपैकी 42 टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये 2017 साली हे छापून आलं. अवलंबित्व पक्कं झालेल्या माणसाला अशा चार गप्पा पुरत नाहीत. त्याला औषधं, पुण्यात 1986 पासून चाललेल्या ‘मुक्तांगण’सारख्या ठिकाणी राहून घ्यायचे उपचार आणि पुढची कित्येक वर्षं सोबत लागते. पण त्या वाटेवर त्याला आणून सोडायलासुद्धा आधी कुणीतरी विचारावं लागतंच.

आता नुकसानीचं. "डॉक्टर, दारूचं तेवढं केसपेपरवर लिहू नका, क्लेम अडकेल." ही विनवणी खासगी रुग्णालयांत रोज ऐकू येते आणि तिच्यात तथ्य आहे. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये मद्यपानाच्या व्यसनावरचे उपचार आणि व्यसनाचे परिणाम यांचं एक स्वतंत्र कलमच आहे. एकीकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजारांत मोजल्या आणि मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा असं सांगितलं. दुसरीकडे पॉलिसीत हे कलम तसंच आहे. या ओढाताणीत रुग्ण खोटं बोलतो, डॉक्टर दयेपोटी लिहायचं टाळतो, आणि रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात कोरा रकाना येतो. अमेरिकेत हेच झालं होतं. नशेतल्या जखमांचा खर्च नाकारायची मुभा विमा कंपन्यांना देणाऱ्या 1947 च्या नमुना कायद्यामुळे शल्यचिकित्सक तपासणीच टाळायचे. अखेर 2001 साली तिथल्या राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेनेच ती तरतूद मागे घेण्याची शिफारस केली. आपल्या विमा नियामकानेही हे कलम काढावं. साखरेच्या रुग्णाने गोड खाल्लं म्हणून कुणी त्याचा क्लेम नाकारत नाही.

आणखी एक. प्रश्न सगळ्यांना विचारायचा म्हणजे सगळ्यांनाच. आज तो विचारला जातो कपडे बघून. हमालाला दरडावून विचारतात, साहेबांना विचारायचा संकोच वाटतो आणि बायकांना तर विचारतच नाहीत. मग ज्याला विचारलं त्याला तो आरोप वाटतो. नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर पाठवून, बीपी मोजताना बोलावं तशा आवाजात तो विचारला, तर बरेच लोक खरं सांगतात.

विम्याचं कलम बदलायला वेळ लागेल. तोवर एवढं करा : आपला माणूस दाखल होईल त्या पहिल्याच दिवशी, कुणी विचारो न विचारो, डॉक्टरांना किंवा सिस्टरला बाजूला घेऊन सांगा, तो काय घेतो, किती घेतो आणि शेवटचं कधी घेतलं.